जिल्हा परिषदेच्या प्रशासकांना खुलं पत्र : आमच्या दवाखान्याचा हिशेब आम्ही कुणाला विचारायचा?

दि. ८ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी तथा प्रशासक,
जिल्हा परिषद

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. १९९४ साली रुजू झाले, २०२३ साली निवृत्त झाले. मधल्या २९ वर्षांत आमच्या गावातलं आणि दोन वाड्यांमधलं जवळजवळ प्रत्येक मूल माझ्या काट्याच्या झोळीत बसून रडलेलं आहे. पुढे ज्या मुलीविषयी लिहिणार आहे, तिचं वजनही मीच घेतलं होतं, २००१ साली. ती याच गावची लेक आणि याच गावची सून. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते नको आहे.

जुलैमधली गोष्ट. आषाढातला पाऊस, वीज संध्याकाळपासून गेलेली. रात्री दीडच्या सुमारास तिच्या सासूनं माझं दार वाजवलं. दुसरं बाळंतपण, कळा सुरू झालेल्या. उपकेंद्र आमच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर आहे. इमारत चांगली आहे, बाळंतपणाची खोली आहे, टेबल आहे. दाराला कुलूप होतं. आमच्या आरोग्यसेविकेला मार्च महिन्यात प्रतिनियुक्तीवर तालुक्याला नेलं, ती अजून परत आलेली नाही. समुदाय आरोग्य अधिकारी दिवसा असतात, पण रात्री मुक्कामाला राहत नाहीत, कारण निवासस्थानाचं छप्पर दोन पावसाळे गळतं आहे. १०८ ला फोन लावला. गाडी दुसरा रुग्ण घेऊन गेली होती, यायला सव्वा तास लागेल म्हणाले. प्राथमिक आरोग्य केंद्राची १०२ ची गाडी केंद्राच्या आवारातच उभी होती, पण चालक नव्हता. शेवटी गावातल्या एका पोरानं दुधाची जीप काढली.

केंद्र १४ किलोमीटरवर. घाटाच्या दुसऱ्या वळणावर बाळ आलं. दुधाच्या कॅनांमधल्या जागेत ती आडवी, तिचं डोकं सासूच्या मांडीवर, बाळ आशाताईच्या हातात आणि मी मोबाइलची बॅटरी धरून. पोरानं जीप कडेला घेतली आणि पाठ फिरवून पावसात उभा राहिला. बाळ रडेना. आशाताईनं त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग ते रडलं. नाळेला आम्ही हात लावला नाही. माझ्या साडीचा पदर फाडला, बाळाला आईच्या छातीवर ठेवून गुंडाळलं आणि तसंच केंद्र गाठलं.

दोघं जिवंत आहेत. बाळ गारठलं होतं, वजनही कमी भरलं. त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. उपचाराला एक पैसा पडला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, आणि त्याचा गरिबाला फार मोठा आधार आहे. तरी नऊ दिवसांचं जाणं-येणं, बाहेरचं खाणं आणि बुडालेली लावणीची मजुरी यात त्या घरानं दोन शेळ्या विकल्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, आणि बाळंतिणीला घरून दवाखान्यात न्यायची गाडी त्याच कार्यक्रमात येते. त्या रात्री ती मिळाली असती, किंवा उपकेंद्राचं दार उघडं असतं, तर त्या शेळ्या आज गोठ्यात असत्या.

चुका होतात, हे २९ वर्षं सरकारी योजनेत काम केलेल्या बाईला कुणी सांगायला नको. माझ्याही झाल्या आहेत. म्हणून मी आधी भांडायला गेले नाही. तीन अर्ज केले. मागणं एवढंच होतं की त्या रात्री काय चुकलं ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवावं, आणि आम्हा बायकांना तिथे बसू द्यावं. पहिल्या दोन अर्जांना उत्तर नाही. तिसऱ्याला सप्टेंबरच्या अखेरीस आलं. एका ओळीचं आहे : ‘समितीचे अध्यक्षपद रिक्त असल्याने सदर विषय बैठकीपुढे ठेवता येत नाही.’

ही ओळ मी गप्प बसून स्वीकारू शकत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना रुग्ण कल्याण समिती म्हणजे काय, हे माहीत नसेल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आलं, त्यात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला अशी समिती आणि तिच्या हाती थोडा मोकळा निधी देण्याचं ठरलं. समितीचे एक लाख, देखभाल-दुरुस्तीचे पन्नास हजार आणि अबंधित पंचवीस हजार, असे मिळून वर्षाला १,७५,००० रुपये. तालुक्याच्या बजेटपुढे ही रक्कम काहीच नाही. पण नळ, ट्यूबलाइट, बाकडी, मोटर, अडीनडीला गाडीभाडं, हे सगळं याच पैशातून होतं. गरीब माणसाला दवाखाना दवाखान्यासारखा वाटतो तो या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमुळे. आमच्या केंद्राच्या समितीचं अध्यक्षपद गटातल्या जिल्हा परिषद सदस्याकडे असायचं. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, सदस्य घरी गेले आणि खुर्ची रिकामी झाली. ती आज साडेतीन वर्षं रिकामी आहे.

ती समिती चालायची कशी, याची एक आठवण सांगते. साल २०१८ असेल. केंद्रात बाळंतपणाच्या खोलीत नळाला पाणी नव्हतं. बाळंतिणीच्या नातेवाइकांना हापशावरून बादल्या आणायला लागायच्या. मी अंगणवाडीच्या बाजूनं बैठकीला होते. चहा झाला, बिलं सह्यांसाठी पुढे आली, त्यात भिंती रंगवल्याचं बिल होतं. आमच्यातली एक बाई उठली. शिक्षण सातवी, बचत गटाची अध्यक्ष. ती म्हणाली, ‘भिंतीला रंग आन् बाळंतिणीला पानी न्हाई, हे कसं?’ कुणीच काही बोललं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं की मोटर जळली आहे, मंजुरीसाठी प्रस्ताव वर गेला आहे. सदस्यांनी तिथल्या तिथे ठराव घ्यायला लावला, समितीच्या निधीतून मोटर दुरुस्त करा म्हणाले. आठ दिवसांत पाणी आलं.

त्या वेळी सगळं आलबेल होतं, असं मी म्हणणार नाही. वर्षात चार बैठका व्हायला हव्यात तिथे दोन व्हायच्या. काही सदस्य नुसते सही करून जायचे. एकदा तर बैठकीचं रजिस्टर सदस्यांच्या घरी सहीला नेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यांना आमच्या गावात मतं मागायला यायचं असायचं. बाजाराच्या दिवशी गाडी अडवून ‘दादा, आमच्या नर्सबाईचं काय झालं?’ असं विचारता यायचं, आणि चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावं लागायचं. आता विचारायचं तर ७० किलोमीटरवर तुमच्या कार्यालयात यावं लागतं. एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालून आलं, तर साहेब बैठकीत असतात.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी या राज्यात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. १९६१ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्हा परिषदेला आरोग्य समिती दिली, समाजकल्याण समिती दिली, पुढे महिला व बालकल्याण समिती आली. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी घातली, तिच्यात दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, कुटुंबकल्याण आहे, महिला व बालविकास आहे, दिव्यांगांचं कल्याण आहे. म्हणजे माझा अर्ज ज्या विषयाचा होता, तो गावानं निवडून दिलेल्या माणसांनी बघायचा विषय आहे, असं घटनाच म्हणते. पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, हेही तीच घटना म्हणते. निवडणुका का रखडल्या, आरक्षणाचं काय झालं, हा वाद न्यायालयात आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयानं मे महिन्यात चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि आता ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली आहे. त्या होतील तेव्हा होतील. नवे सदस्य येतील, समित्या बसतील, त्यांना काम कळायला आणखी काही महिने जातील. तोवर आमच्या तीन गावांत आणि वाड्यांत किती बाळंतपणं आहेत ते आशाताईच्या वहीत लिहिलेलं आहे : मार्चअखेर सतरा.

तुमची स्थिती मला समजते. प्रशासक म्हणून आज तुम्हीच आरोग्य समिती आहात, तुम्हीच महिला व बालकल्याण समिती आहात, स्थायी समितीही तुम्हीच. आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून या सगळ्या समित्यांना उत्तर द्यायचं तेही तुम्हीच. विचारणारा आणि उत्तर देणारा एकच माणूस असेल, तर प्रश्न निघणार कुठून? हे तुमच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवणं नव्हे. पाठोपाठ कितीही चांगले अधिकारी आले, तरी ७० किलोमीटरवरच्या कुलूपबंद दाराचा प्रश्न त्यांच्या टेबलावर आपणहून येणार नाही. तो कुणीतरी तिथे नेऊन ठेवावा लागतो. तो नेऊन ठेवणारी निवडून आलेली माणसं तुमच्या व्यवस्थेतून गेली आहेत आणि त्यांच्या जागी काहीही आलेलं नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे. बाकीच्या तिच्यातूनच निघालेल्या आहेत.

आरोग्यसेविकेचं घ्या. तिला प्रतिनियुक्तीवर नेताना ग्रामपंचायतीला साधं पत्र आलं नाही. किती दिवसांसाठी नेलं, बदली माणूस कोण, हे सरपंचांनाही ठाऊक नव्हतं. डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं प्रमाण ठरलेलं आहे. ते घाट, ओढे आणि पाऊस बघून ठरवलेलं आहे. इमारत उभी आहे म्हणून कागदावर उपकेंद्र भरतं, पण आतला माणूस उचलून नेल्यावर आमच्यासाठी ते उपकेंद्र उरत नाही. त्या आरोग्यसेविकेवर माझा राग नाही. तालुक्याला तिच्यावर तीन जणींचं काम आहे, ती फोनवर रडते.

दुसरी गोष्ट गावातल्याच समितीची. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असं तिचं लांबलचक नाव, आम्ही नुसती आरोग्य समिती म्हणतो. तिला गावासाठी वर्षाला १०,००० रुपये यायचे. आमच्या गावी खातं सरपंच आणि मी अशा दोघांच्या सहीनं चालायचं. त्या पैशात आम्ही काय काय केलं त्याची वही माझ्याकडे अजून आहे. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, अंगणवाडीत हात धुवायचा नळ, दोन बाळंतिणींचं जीपभाडं, एका म्हाताऱ्याला विंचू चावला तेव्हाचं गाडीभाडं, कुपोषित पोरांसाठी तेल आणि शेंगदाणे. पै न् पै ग्रामसभेत वाचून दाखवायचो. मी निवृत्त झाले, सरपंच बदलले, बँकेत सह्या बदलायचा कागद पंचायत समितीत गेला आणि दोन वर्षं झाली तरी परत आला नाही. खात्यात पैसे आहेत. त्या जुलैच्या रात्री दुधाच्या जीपचं भाडं त्यातून देता आलं असतं. पोरानं घेतलं नाही, ही त्याची माणुसकी. पण दरवेळी माणुसकीवर किती दिवस भागवायचं?

तिसरी तक्रार अंगणवाडीची, आणि इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण माझं आयुष्य तिथे गेलं आहे. गेल्या आठवड्यात, २ ऑक्टोबरला, ज्या योजनेतून अंगणवाड्या चालतात त्या एकात्मिक बालविकास योजनेला ५० वर्षं पूर्ण झाली. १९७५ साली देशात ३३ प्रकल्पांपासून ती सुरू झाली. त्या दिवशी गांधीजयंतीची ग्रामसभा होती, दसराही त्याच दिवशी आला. माणसं सोनं वाटायला गेली, कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली. मी मात्र ठरवून गेले होते. माझ्या पिशवीत एक प्रश्न लिहून नेलेला होता : आपल्या गावात आज तीव्र कुपोषित मुलं किती?

हा आकडा पूर्वी अंगणवाडीच्या फळ्यावर असायचा. दर महिन्याला वजनं झाली की मी खडूनं लिहायचे, साधारण इतकी, मध्यम इतकी, तीव्र इतकी. पोराला सोडायला आलेली आई वाचायची, पाण्याला निघालेल्या बायका वाचायच्या, सरपंच वाचायचे. पोराच्या दंडाला पट्टी लावली आणि ती लाल भागात गेली, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, की ते पोर कुणाचं हे गावाला माहीत व्हायचं. त्यात त्या आईला कमीपणा वाटू नये याची काळजी मी घ्यायचे, नाव लिहायचे नाही. पण आकडा लपवायचे नाही. एका पावसाळ्यात तीव्रची संख्या दोनावरून पाचावर गेली, तेव्हा फळा बघून गावानंच कुपोषित पोरांना जादा आहार देणारं ग्राम बालविकास केंद्र चालू करायला लावलं, आणि दुधाच्या डेअरीनं महिनाभर रोज दोन लिटर दूध दिलं.

आता आकडा फोनमध्ये असतो. पोषण ट्रॅकर नावाच्या सरकारी ॲपमध्ये भरला की तो दिल्लीला दिसतो, मुंबईला दिसतो, तुम्हालाही दिसत असेल. आमच्या गावाला दिसत नाही. जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा फोनवर ओळखून घ्यावा लागतो. आमच्या वरच्या वाडीत नेटवर्क नाही. सात महिन्यांची गरोदर बाई आणि कडेवर पोर घेतलेल्या दोघी टेकडीवरच्या देवळापर्यंत चढून गेल्या, सेविका फोन उंच धरून उभी, हे मी स्वतः बघितलं. आहार खऱ्या माणसापर्यंत पोचावा यासाठी हे केलं असेल, तर मग तो आहे तरी पुरेसा का, चव कशी, पोरं खातात का, पाकीट कोंबड्यांना जातं का, हे त्या आयांना कोण विचारणार? पूर्वी ते महिला व बालकल्याण समितीच्या सभापतीबाई दौऱ्यावर आल्या की विचारायच्या. त्यांचीही खुर्ची रिकामीच.

राज्याचे आकडे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, २५.६ टक्के उंचीच्या मानानं लुकडी. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. निम्म्याहून जास्त! जीपमध्ये बाळंत झालेली आमची पोर त्यातलीच. सातव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन आठ होतं, कार्डावर लिहिलेलं आहे. लोहाच्या गोळ्या तिला मिळाल्या, पण त्या ती घेते का, पचतात का, हे बघायला घरी यायची ती आरोग्यसेविकाच तालुक्याला.

दिव्यांगांच्या निधीबद्दल थोडक्यात. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर आणि दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे, असा नियम आहे. आमच्या शेजारच्या गावात दोन्ही पायांनी अधू असलेला एक तरुण तीन वर्षं त्या पाच टक्क्यांचा हिशेब मागतो आहे. पंचायत समितीच्या मासिक बैठकीत हा विषय येत असे, कारण तिथे सदस्य असत. आता बैठक अधिकाऱ्यांचीच होते, तिथे तो रांगत जाऊन कुणाला सांगणार?

शिबिरं मात्र होतात. १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर स्त्रियांच्या आरोग्याचं अभियान झालं. आमच्या केंद्रात मंडप होता, तपासण्या झाल्या, काही बायकांची साखर आणि रक्तदाब पहिल्यांदाच कळला. हे चांगलंच झालं, शिबिर घेणाऱ्यांचे मी आभार मानते. पण ज्या ३१ बायकांना ‘पुन्हा तपासणीला या’ म्हणून चिठ्ठ्या दिल्या, त्यांनी परत यायचं कुणाकडे? उपकेंद्रात आरोग्यसेविकाच नाही.

आम्ही काही नवीन मागत नाही, हेही सांगते. या राज्यात लोकांनी दवाखान्यावर देखरेख ठेवण्याचा चांगला पायंडा आहे. २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सरकारच्याच आरोग्य अभियानातून लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचे, हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवायचे. तशी एक जनसुनवाई मी पाहिली आहे. एका बाईनं बाहेरून आणायला लावलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या पदरातून काढून टेबलावर ठेवल्या, नऊ चिठ्ठ्या. वैद्यकीय अधिकारी चिडले नाहीत. म्हणाले, ‘मावशी, ह्या चिठ्ठ्या मला द्या, मला वर दाखवायला लागतील.’ त्यांनाही औषधं मिळत नव्हती, आणि वर सांगून कुणी ऐकत नव्हतं. पुढच्या महिन्यात औषधं आली. लोकांनी विचारलं तर चांगल्या डॉक्टरचे हात बळकट होतात, हे मी तिथे शिकले.

म्हणून आमच्या मागण्या लिहिते. यातल्या कुठल्याही मागणीला निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही, तुमची एक सही पुरेशी आहे.

जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीची बैठक ३० दिवसांत घ्यावी. अध्यक्ष नसेल तर केंद्र ज्या गावात आहे तिथल्या सरपंचांना तात्पुरतं अध्यक्ष नेमावं. सरपंच निवडून आलेले आहेत आणि गावातच राहतात. बैठकीची तारीख आठ दिवस आधी बाहेर लावावी आणि गावातल्या बायकांना बसू द्यावं.

मार्च २०२२ पासून आजपर्यंत समितीच्या निधीतून काय खर्च झालं, ते केंद्राच्या दर्शनी भिंतीवर मराठीत लावावं. माहिती अधिकाराच्या कायद्यात अशी माहिती न मागता द्यायची असते, आम्हाला अर्ज करायला लावू नये.

आमच्या आरोग्यसेविकेची प्रतिनियुक्ती दिवाळीपूर्वी रद्द करावी. जिल्ह्यात आज किती आरोग्यसेविका प्रतिनियुक्तीवर आहेत, कुठल्या उपकेंद्रातून कुठे आणि कधीपासून, याची यादी जाहीर करावी. यापुढे उपकेंद्रातला माणूस हलवायचा असेल तर आधी ग्रामपंचायतीला लेखी कळवावं आणि बदली माणूस येईपर्यंत त्याला सोडू नये. निवासस्थानाच्या छपराचं कामही त्याबरोबरच करावं.

१०२ च्या गाडीला रात्रीचा चालक द्यावा. चालक कंत्राटी आहेत, त्यांचा पगार महिनोन्‌महिने थकतो, हे आम्हाला माहीत आहे. तो वेळेवर द्यावा. कुठल्या रात्री गाडी का गेली नाही, याची नोंदवही ठेवावी आणि ती समितीपुढे यावी.

गावाच्या आरोग्य समितीच्या सह्यांचा कागद पंचायत समितीतून १५ दिवसांत बँकेत पोचवावा. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत कुपोषणाचा आकडा, नावांशिवाय, अंगणवाडीच्या फळ्यावर लिहिण्याची लेखी सूचना सेविकांना द्यावी. लेखी यासाठी म्हणते की तोंडी सांगितलं तर त्या घाबरतील. आकडा वाढला की पहिला जाब सेविकेलाच विचारतात, तो प्रकारही बंद व्हावा. नेटवर्क नसलेल्या वाड्यांत चेहऱ्याची अट बाजूला ठेवून रजिस्टरवर सही घेऊन आहार द्यायची परवानगी वरून मिळवावी. तुमच्या हातात नसेल तर तसं पत्र तुम्ही शासनाला लिहावं आणि त्याची प्रत आम्हाला द्यावी.

ग्रामपंचायतींनी दिव्यांगांवरचे पाच टक्के कुठे खर्च केले, ते गटविकास अधिकाऱ्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावोगाव वाचून दाखवावं.

आणि शेवटची मागणी, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. नवी जिल्हा परिषद बसेपर्यंत तुम्ही स्वतः दर तीन महिन्यांनी तालुक्यात एक जनसुनवाई घ्यावी. जिल्ह्याच्या सभागृहात नको, केंद्राच्या आवारात घ्या. आमच्याकडे सोमवारी बाजार असतो. वाड्यांवरच्या बायका त्या दिवशी खाली उतरतात, त्यांची मजुरी बुडत नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी आणि गटविकास अधिकारी तुमच्या बाजूला असावेत, म्हणजे ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असं कुणाला म्हणता येणार नाही. आम्ही आरडाओरडा करणार नाही. प्रत्येक बाई आपलं कार्ड, आपली चिठ्ठी, आपली तारीख घेऊन येईल, तिला दोन मिनिटं बोलू द्यावं आणि जे उत्तर मिळेल ते तिथेच लिहून घ्यावं.

या पत्राखाली माझ्यासोबत चार बचत गटांच्या ४३ बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत. जीपमध्ये बाळंत झालेल्या त्या पोरीचा अंगठा नाही, सही आहे. बारावी शिकलेली आहे ती. बाळ आता तीन महिन्यांचं होत आलं. काल वजन घेतलं, ४ किलो १०० ग्रॅम. अजून कमी आहे, पण चढतं आहे.

उत्तर माझ्या नावानं पाठवू नका, ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवा. तहकूब झालेली ग्रामसभा पुन्हा बोलावली आहे, तिथे ते मोठ्यानं वाचायचं आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
आणि उपकेंद्राच्या तीन गावांमधल्या ४३ जणी